ताई चीचे सर सारखे 'सुंग, सुंग' (म्हणजे सैल व्हा) म्हणतात. अंग पूर्ण ढिलं सोडायचं का?

नाही. सुंगमध्ये सांधे मोकळे होतात, पण उभं राहण्याचा आकार मोडत नाही. ताई चीचे चिनी गुरू यांग छंगफू (१८८३–१९३६) यांच्या दहा सूत्रांत कंबर सैल करण्याच्या लगेच पुढचं सूत्र आहे शू-शि, म्हणजे रिकामं आणि भरलेलं. सगळा भार उजव्या पायावर असेल तर उजवा भरलेला, डावा रिकामा. पाऊल टाकण्याआधी डावा पाय न झुकता, अलगद उचलता येतो का बघा. येत नसेल तर भार अर्धवटच सरकलाय. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

हात लोंबत असतील तर फंग गेला. फंग हा आतून बाहेर येणारा, हवा भरलेल्या चेंडूसारखा ताण. कोणी मनगट दाबलं तरी हात छातीला चिकटत नाही.

'ची'च्या, म्हणजे शरीरातल्या ऊर्जेच्या, मागे इतक्यात लागू नका. आधी खांदे आणि कोपरं खाली येऊ देत.