व्हिसेरासोबतची ती जास्तीची बाटली

तुम्ही दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहिताय. खून मुंबईत होतो आणि तुम्हाला तपासात कधीच न सापडणारं विष हवंय. माझी सगळी नोकरी केमिकल अ‍ॅनालायझरच्या, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत विष तपासण्याच्या कामात झाली. विषाचं नाव मी सुचवणार नाही, पण गुन्हेगार खरंच कुठे निसटतो ते सांगतो. कथेला तेच जास्त उपयोगी पडेल.

सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष घ्या. पांढरी पूड, चव जवळजवळ नाही, उलट्या-जुलाब थेट पटकीसारखे. त्यामुळे शतकानुशतकं सोमलानं केलेले खून पचून गेले. १८३२ मध्ये इंग्लंडात जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञानं एका खटल्यात सोमल ओळखला होता, पण ज्यूरीसमोर जाईपर्यंत चाचणीतला पिवळा साका बिघडला आणि आरोपी सुटला. हे मार्शच्या मनाला लागलं. १८३६ मध्ये त्यानं नवी चाचणी मांडली. संशयित द्रवात जस्त आणि आम्ल घालायचं. आर्सेनिक असेल तर आर्सिन वायू निघतो, आणि तो तापलेल्या काचनळीतून गेला की पुढच्या थंड भागावर काळा चकचकीत थर धरतो. हा पुरावा कोर्टात नेईपर्यंत टिकत होता.

पण जस्त आणि आम्लातही आर्सेनिकचा अंश असू शकतो! १८४० च्या फ्रान्समधल्या लाफार्ज या सोमलाच्या खटल्यात स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात, म्हणून पॅरिसहून ओर्फिला या विषतज्ज्ञाला बोलावलं. त्याला आर्सेनिक सापडलं. मात्र ते रसायनांतून किंवा शवपेटीभोवतीच्या मातीतून आलेलं नाही, हेही त्याला कोर्टात सांगावं लागलं. माझ्या मते विषशास्त्र खरं तिथे वयात आलं.

आज मुंबईत पोस्टमॉर्टेमनंतर ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं आपण पेपरात वाचतो. त्यात जठर आणि आतड्याचा तुकडा एका बाटलीत, यकृत-मूत्रपिंड दुसऱ्या बाटलीत, बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात असतात. फॉर्मॅलिन चालत नाही, त्यानं विष वेगळं काढणं अवघड होतं. सोबत आणखी एक बाटली यायला हवी, नुसत्या त्या मिठाच्या पाण्याची. कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुने आले की सील शाबूत आहे का, हे आधी पाहतात. विष पाण्यातूनच आलं नाही ना, हे ती साधी बाटली सांगते. ओर्फिलाची माती ती हीच.

रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालतात, नाहीतर जंतू स्वतःच अल्कोहोल तयार करतात. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. घात मिथेनॉलचा होता. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसा जाळतं. गॅस क्रोमॅटोग्राफ या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर मिथेनॉल आणि साधं अल्कोहोल वेगवेगळं दिसतं, त्यामुळे ते ओळखणं जड नाही. पण ती माणसं आपली होती, गरीब होती. अजून आठवलं की गलबलतं.

जड जातं ते वेळेचं. रेल्वेत चहा-बिस्किटांतून गुंगी देऊन लुटणं जुनंच. पूर्वी धोतरा वापरत. त्यातल्या अ‍ॅट्रोपीननं बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, माणूस बरळतो. तेव्हा रुग्णाच्या लघवीचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकून बाहुली मोठी होते का, हे पाहत. आता बहुधा झोपेच्या गोळ्या असतात. लुटला गेलेला माणूस घरी जाऊन दोन दिवस झोपतो, मग तक्रार देतो, तोवर लघवीतून बरंचसं वाहून गेलेलं असतं. ओळखीत कुणाचं असं झालं तर त्याच दिवशी रक्त-लघवीचे नमुने द्यायला लावा.

तुमच्या कथेतल्या खुन्याला म्हणूनच दुर्मीळ विष देऊ नका. म्हातारा सासरा, आधीपासून हृदयरोग, ओळखीचे डॉक्टर ‘नैसर्गिक मृत्यू’ लिहून देतात आणि संध्याकाळपर्यंत विद्युतदाहिनीत सगळं संपतं. किंवा संशय येतो, विषही सापडतं, पण ती साधी मिठाच्या पाण्याची बाटली कुणी पाठवलेलीच नसते, आणि बचावाचे वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न तिच्यावरच विचारतात.