पार्टीसाठी पालेभाजी घालून हलके सँडविच करायचेत, पण ब्रेड ओला होतो, काय करू?

ओला होतो कारण पाला धुऊन तसाच लावतो आपण. मी बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून कोवळा पालक आणते, पानं बोटाएवढी असली की कच्चीच मस्त लागतात, जून असेल तर नको, तोंडात तुरट लागतो. दोनतीन पाण्यातून धुवा, माती खाली बसते ती बघा, मग सुती पंच्यावर पसरून पार कोरडा होऊ द्या, अगदी पान हातात घेतलं तर बोटाला ओल लागता कामा नये.

अर्धा किलो दही रात्रभर टांगून चक्का, त्यात मिरपूड, लसूण, बारीक कोथिंबीर पुदिना. मीठ शेवटी आणि चक्क्यातच घाला हं, पाल्यावर भुरभुरवलं की त्याला लगेच पाणी सुटतं. ब्रेडला आधी बटर कडेपर्यंत लावा, त्यानेच ओल आत जात नाही, मेयोनीज लागतच नाही मग.

20 स्लाइसचे 10 सँडविच, चार तुकडे केले की 40 होतात, पंधरावीस जणांना पुरतात. पाहुणे येईपर्यंत वर ओलं घट्ट पिळलेलं फडकं टाका, नाहीतर कडा वाळतात.