फॅट वाढवायला तेल पाजू नकोस

अरे, दुधाची फॅट वाढावी म्हणून गाईला रोज तेल पाजतोयस ते आधी थांबव. खुराक जास्त, वैरण कमी आणि वर सोयाबीन तेल, असं झालं की रुमेनमधले (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू त्या तेलातून ट्रान्स-१०, सिस-१२ हे संयुग्मी लिनोलिक आम्ल (सीएलए) बनवतात. ते रक्तातून कासेत पोचतं आणि एसआरईबीपी-१ हे जनुकं चालू करणारं प्रथिन, म्हणजे फॅटची कळच, मंदावते. मग फॅट तयार करणारी जनुकंच थंडावतात. दूध तेवढंच, फॅट मात्र ढासळते!

माझ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईची फॅट ३.८ टक्क्यांवरून २.९ वर आली होती. मी उगाच मिनरल मिक्श्चर बदलत बसलो. शेवटी तेल तोडलं, कडबा कुट्टी वाढवली; फॅट सावरायला तीन आठवडे लागले, तेवढा धीर धर. द्यायचंच असेल तर बायपास फॅट (रुमेनमध्ये न विरघळता पुढे जाणारी) दे. आणि वैरण पुरतेय का ते कळायला बसलेल्या गाईची रवंथ रोज बघ.