पेपर ओपन ॲक्सेस (म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल असा) करायची फी युनिव्हर्सिटी भरते का?

हो, बऱ्याच युनिव्हर्सिटी भरतात, पण लायब्ररीला सबमिट करायच्या आधीच विचारा, ॲक्सेप्ट झाल्यावर नको. मी लायब्ररीत हेच काम बघतो, या फीसाठी प्रकाशकांशी जे करार असतात ते बहुतेक वेळा करस्पाँडिंग ऑथर (पेपरबद्दल जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) कुठल्या संस्थेचा यावर चालतात, म्हणून फॉर्ममध्ये जीमेल न टाकता युनिव्हर्सिटीचाच ईमेल टाका, नाहीतर सिस्टिमला तुम्ही करारातले आहात हे कळतच नाही आणि सरळ बिल समोर येतं. फक्त काही करारांचा पेपरांचा कोटा वर्ष संपायच्या आधीच संपतो. तसं झालं तर पीअर रिव्ह्यूनंतरची (दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासून झाल्यावरची) तुमची स्वतःची वर्ड फाइल, जर्नलची पीडीएफ नाही, युनिव्हर्सिटीच्या रिपॉझिटरीत (पेपर साठवायच्या ऑनलाइन संग्रहात) टाका, त्याला फी लागत नाही, काही जर्नल्स ती फाइल सगळ्यांसाठी खुली करायला ६ ते १२ महिने थांबायला लावतात तेवढं आधी बघून घ्या.