ग्रहणात भेंडी चिरली म्हणून पायाला गाठ आली का?

खुर्चीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "मॅडम, मी ग्रहणात भेंडी चिरली होती." मी अजून फाईलसुद्धा उघडली नव्हती. सोबत पाच वर्षांची मुलगी, आपण तिला चिऊ म्हणू (ओळख कळू नये म्हणून बाकीचे तपशीलही थोडे बदललेत), आणि दाराजवळच्या स्टुलावर सासूबाई, पदर तोंडाशी धरून.

तर झालं असं की 26 डिसेंबर 2019 ला सकाळी सूर्यग्रहण होतं, हिला दुसरा महिना, घरात अजून कुणाला सांगितलंही नव्हतं, नवऱ्याचा डबा करायचा म्हणून विळी घेतली आणि पुढच्या श्रावणात मुलगी झाली ती उजव्या पोटरीवर निळसर फुगवटा घेऊनच. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतंस तर विळीला हात लावू दिला नसता." एकदाच म्हणाल्या हो, पण ते वाक्य पाच वर्षं त्या घरात राहिलं.

त्यात भर म्हणजे चिऊ तान्ही असताना एकांनी सांगितलं की हा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) आहे, पाच वर्षांची होईपर्यंत आपोआप जाईल. घरचे वाट बघत बसले आणि गाठ मुलीबरोबर वाढत गेली. ही गल्लत फार होते. हिमँजिओमा बहुतेकदा जन्मल्यावर काही आठवड्यांनी दिसायला लागतो, काही महिने भराभर वाढतो आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरतो. शिरांची जन्मजात विकृती वेगळी, ती जन्मापासून असते (दिसायला कधी कधी उशीर लागतो), मूल वाढेल तशी वाढते आणि आपोआप जात नाही. हा फरक 1982 मध्ये बोस्टनच्या मुलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी नीट मांडला, पण आजही दोन्हीला सरसकट एकच नाव दिलं जातं आणि आईबापांची वर्षं वाट बघण्यात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चिऊचं निदान आमच्याकडे डॉप्लर सोनोग्राफी आणि एमआरआय करून झालं होतं, व्हीनस मालफॉर्मेशन. म्हणजे अशुद्ध रक्ताच्या शिरा तिथे नीट घडल्याच नाहीत, भिंती पातळ आणि ढिल्या राहिल्या, रक्त तिथे साचतं. कॅन्सर नाही. हे मी तीनदा सांगितलं कारण पहिल्या दोन वेळा तिला ऐकूच गेलं नाही.

मग मी डॉक्टरांनाच आत बोलावलं. त्यांनी चिऊला टेबलावर आडवं केलं, पाय वर उचलून धरला, आणि मिनिटभरात फुगवटा बसला, नुसती निळसर छटा राहिली. मग तिला काठावर पाय लोंबकळत बसवलं तर हळूहळू पुन्हा भरला. डॉक्टर म्हणाले, "ताई, दाबून बघा." तिने बोट ठेवलं, मऊ लागलं, दबलं, बोट काढल्यावर परत वर आलं. म्हणाली, "मी आंघोळ घालताना इथे साबणसुद्धा लावत नाही, फुटेल म्हणून." पाच वर्षं!

आता मूळ प्रश्न. पोटात बाळाच्या रक्तवाहिन्या तयार व्हायला तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरुवात होते, त्या काळात एखाद्या पेशीच्या जीनमध्ये आपसूक बदल होतो आणि त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या शिरा तशाच होतात. अशा बऱ्याच पेशंटमध्ये टीईके नावाच्या जीनमध्ये हा बदल सापडतो, तोही फक्त त्या गाठीत. हे आईच्या हातात नसतं, तिला कळतही नाही, विळी, ग्रहण, पपई, मालिश करणारी बाई, कुणाचाच संबंध नाही. दुसऱ्या मुलाला होईल का, या भीतीने तिने विचारच सोडून दिला होता. एकच गाठ असेल आणि घरात कुणाला नसेल तर ती सहसा पुढच्या मुलात येत नाही. अंगावर, तोंडात बऱ्याच छोट्या निळ्या गाठी असतील किंवा घरात आणखी कुणाला असतील तर मात्र जेनेटिक्सच्या डॉक्टरांना दाखवावं.

हे सगळं मी सासूबाईंकडे बघून सांगत होते. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मी रागाने नव्हते गं बोलले." सूनबाई रडली. मी मध्ये पडले नाही.

उपचाराचं थोडक्यात सांगते. पायाला मापाचा घट्ट इलॅस्टिक मोजा, आणि दुखणं वाढलं तर स्क्लेरोथेरपी, म्हणजे सोनोग्राफीत बघून गाठीत सुईने औषध देऊन ती आकसवणं. सहसा एका बैठकीत भागत नाही, आणि डाग पुसणं हा हेतूच नसतो, मुलीला दुखू नये, खेळता यावं हा असतो. गाठ अचानक कडक होऊन दुखायला लागली तर आत रक्त गोठलेलं असू शकतं, तेव्हा घरी चोळत बसू नका, लगेच या. आणि गाठ गरम लागत असेल, बोटाखाली ठोके किंवा थरथर जाणवत असेल तर तो वेगळा प्रकार, एव्हीएम, त्यात रोहिणीचं, म्हणजे धमनीचं, रक्त थेट शिरेत जातं, ते लवकर दाखवायलाच हवं.

मागच्या फॉलोअपला वेटिंगमध्ये बघितलं तर आजी बाकावर बसल्या होत्या, चिऊ त्यांच्या मांडीवर पाय टाकून आडवी पडलेली. आजींनी पोटरीवर तळवा ठेवून बघितला, म्हणाल्या, "थांब गं, अजून रिकामी नाही झाली," आणि मग मोजा चढवायला घेतला.