मोटरसायकलची टाकी घरी स्प्रेच्या डब्यांनी रंगवली तर टिकते का?

टाकी आणि साइड पॅनल घरीच स्प्रेच्या डब्यांनी रंगवले तर रंग टिकेल का, आणि गाडी चारचौघींत उठून दिसावी म्हणून आणखी काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

टिकतो. पण तो किती टिकेल हे रंगापेक्षा त्यावरचा क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ठरवतो, आणि हे मी माझी पहिली टाकी वाया घालवून शिकलो. घासकाम, प्रायमर, रंग, सगळं मन लावून केलं आणि वरून साधा डब्यातला क्लिअर मारला. दिसायला काच! पंधरा दिवसांनी पेट्रोल भरताना झाकणापाशी चार थेंब सांडले. पुसायला गेलो तर फडक्याला रंग आणि टाकीला सुरकुत्या. साधा क्लिअर नुसता थिनर उडून सुकतो, म्हणून पेट्रोल लागलं की परत मऊ पडतो. टाकीला टू-के, म्हणजे दोन घटकांचा, क्लिअरच हवा. त्यात हार्डनर मिसळल्यावर रासायनिक क्रिया होऊन थर कडक होतो आणि मग सांडलेल्या थेंबांना दाद देत नाही. हा डब्यातही मिळतो. बुडाची पिन दाबली की आतल्या आत हार्डनर मिसळतो, आणि तिथून पुढे डबा एक-दोन दिवसांचाच सोबती. त्यामुळे सगळी तयारी झाल्याशिवाय पिनला हात लावू नका.

या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना एकदा बाधले की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दमा उसळू शकतो. नाकाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून काही उपयोग नाही. रंगाच्या वाफांसाठीचे फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, हातमोजे, चष्मा, आणि हवा खेळती राहील अशी जागा हवी. हे काम रोज करणारे तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतात. एवढं जमणार नसेल तर टाकीवरचा क्लिअर रंगकाम करणाऱ्याकडून मारून घ्या, बाकीचं घरी करा. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक. रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी नव्हे. आत उरलेली वाफ हवेत मिसळून भडकू शकते, म्हणून टाकी उतरवून, निथळून, नीट हवा लागू द्या. जवळपास ज्योत नको आणि जुने स्टिकर काढायला लगेच हीट गनही नको.

आता घासकाम. खरा वेळ इथेच जातो. कंपनीचा रंग शाबूत असेल तर तो पत्र्यापर्यंत खरवडू नका, त्याच्याइतका चांगला पाया तुम्हाला घरी जमणार नाही. ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने चकाकी पूर्ण मारा, बस. जिथे पोपडे आणि गंज आहे तिथेच पत्रा उघडा, कडा उतरत्या करा आणि त्या जागेला एपॉक्सी प्रायमर द्या. खड्डा असेल तर लांबी (पुट्टी) भरा, पण ती कोरडीच घासा. लांबी पाणी पिते आणि ते पाणी नंतर फोड होऊन वर येतं.

प्रायमरवर काळ्या रंगाचा विरळ धुरळा उडवून मग घासायचं. घासून झाल्यावर काळे ठिपके जिथे उरतील तिथे खळगा आहे. बोटाला जे कळत नाही ते ही युक्ती दाखवते. रंगाआधी डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) पुसा आणि मग उघडा हात लावू नका. जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यांसारखा गोल गोल फाटतो.

रंगाचे हात पातळ द्या. अंतर वीसेक सेंटीमीटर, फवारा पॅनलच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. दोन हातांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. पहिला हात ठिपक्याठिपक्यांचा दिसला की माणूस घाबरून दाबून मारतो आणि ओघळ येतात. येऊ द्या ठिपके. पावसाळी दमट हवेत मात्र काम काढूच नका, रंगावर पांढरट झाक येते.

प्लास्टिकच्या पॅनलना आधी प्लास्टिकचा प्रायमर लागतो. सायलेन्सरला ६०० अंशांपर्यंत टिकणारा रंग लागतो आणि तो इंजिन थोडं थोडं तापवून पक्का करावा लागतो. ब्रेकची डिस्क, फोर्कच्या चकचकीत नळ्या आणि रबरी भाग मात्र झाकून ठेवा.

वेगळेपणासाठी माझं मत: कँडी रंगाच्या नादी पहिल्यांदाच लागू नका. खालच्या चंदेरी थरावर तो पारदर्शक असतो, एक हात कमीजास्त झाला की छटा बदलते आणि टाकी पॅनलशी जुळत नाही. मॅटही फसवा, त्यात आलेला ओघळ पॉलिशने काढता येत नाही. साधा एकरंगी पाया, त्यावर बारीक मास्किंग टेपने आखलेली एक पट्टी आणि वरून क्लिअर, एवढ्यानेही गाडी ओळखू येत नाही. टेप रंग ओलसर असतानाच, मागे दुमडून ओढा.

क्लिअर चढवल्यावर आठवडाभर टाकी बसवू नका. बसवताना ब्रेक ऑइलची बाटली लांब ठेवा, ते टू-केलाही सोडत नाही.