काम संपले, तरी ताण उतरत नाही

प्रश्न : मी एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. वर्षअखेरची धावपळ दरवर्षीचीच. ती संपली की आठवड्याभरात मी पूर्ववत होत असे. या वेळी मात्र ३ महिने उलटले तरी बहुतेक रात्री साडेतीनला जाग येते, सकाळी जबडा दुखत असतो आणि मुलाच्या हातून पाणी सांडले एवढ्यावरूनही मी त्याच्यावर ओरडते. घरचे म्हणतात, ताण कोणाला नसतो? मी उगाच बाऊ करते आहे का?

उत्तर : नाही. ‘आठवड्याभरात पूर्ववत होत असे’ हे तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. ताण किती मोठा होता यापेक्षा, कारण दूर झाल्यावर तो उतरला की नाही, हे पाहायचे असते.

संकटाची चाहूल लागताच मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी आधी अ‍ॅड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. त्यामुळे नाडी वाढते, रक्तातील साखर वाढते आणि पचनासारखी कामे तात्पुरती मागे पडतात. पुढे हेच वाढलेले कॉर्टिसॉल मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देते आणि शरीर शांत होते. ताण लांबला की या निरोपाचा प्रभाव कमी होऊ शकतो. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून या प्रतिसादाचे सावध होणे, तग धरणे आणि थकून जाणे असे तीन टप्पे मांडले. त्यांतला मधला टप्पा मला सर्वांत फसवा वाटतो, कारण त्या काळात माणूस कामे उरकत असतो, वेळेवर कार्यालयात पोहोचतो आणि त्यामुळे त्याला काही होत असेल असे कोणालाच वाटत नाही.

झोपेच्या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट निकष आहे : आठवड्यातून किमान ३ रात्री झोप बिघडणे आणि असे ३ महिने चालणे, याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. तुमचा त्रास त्या उंबरठ्यावर आहे. चिडचिडीला असे मोजमाप नाही. पण ओरडून झाल्यावर तुम्हालाच ते कारणाच्या मानाने जास्त वाटत असेल, तर तीही खूणच समजा.

कॉर्टिसॉलची तपासणी करून घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. त्याची पातळी सकाळी जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, त्यामुळे एका नमुन्यावरून रोजच्या ताणाचे निदान होत नाही. त्याऐवजी २ आठवडे झोपेची वेळ, जाग येण्याची वेळ आणि दुपारनंतरचा चहा-कॉफी एवढेच वहीत टिपून ठेवा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांची लक्षणे ताणासारखीच भासू शकतात, म्हणून ते आधी तपासून घेतलेले बरे. उदासी किंवा कशातच रस न वाटणे २ आठवडे जवळजवळ रोज टिकले, तर तेही स्पष्ट सांगा. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला, तर मात्र त्याच दिवशी मदत घ्या.

जबड्यासाठी दंतवैद्यांचीही भेट घ्या. झोपेत दात आवळले जात असतील, तर त्यांची झीज त्यांना लगेच दिसेल आणि रात्री दातांवर बसवायचे आवरण ते करून देऊ शकतील.